गाठ केवढी नव्हे, कुठे?

बोलताना आपण गर्भाशयाला सर्रास ‘पिशवी’ म्हणतो. पिशवीला गाठ आहे, पिशवीला सूज आहे, आणि मग एके दिवशी पिशवी काढली. शब्द सोयीचा आहे, पण त्यात एक गफलत दडली आहे. पिशवी म्हटलं की पातळ कापड आणि आत मोकळी जागा डोळ्यांपुढे येते. गर्भ नसतानाचं गर्भाशय म्हणजे मात्र सात-आठ सेंटिमीटर लांबीचा, उलट्या धरलेल्या पेरूसारखा जाड स्नायूचा गोळा. त्याच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि मध्ये उरते ती नुसती फट. फायब्रॉइडची गाठ या पिशवीत बाहेरून येऊन पडत नाही, ती भिंतीच्या स्नायूचीच बनलेली असते. त्यामुळे भिंतीच्या कोणत्या थरात ती वाढली, यावर पुढचं बरंच काही ठरतं. रिपोर्ट हातात पडताच घरात प्रश्न होतो तो मात्र ‘केवढी आहे?’ असा.

ही गाठ एकाच पेशीपासून सुरू होते. स्नायूतल्या एखाद्या पेशीच्या जनुकात बदल होतो आणि तिची प्रजा वाढत जाते. एमईडी-12 नावाच्या जनुकातला असा बदल सुमारे 70 टक्के गाठींत सापडतो, हे हेलसिंकीच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवून दिलं. पण बी पडलं म्हणून झाड होत नाही, पाणी लागतं. इथे ते पुरवतात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. पाळी सुरू होण्यापूर्वी या गाठी सहसा नसतात आणि पाळी गेल्यावर बहुधा आक्रसतात, त्याचं कारण हेच. शिवाय गाठीचा मोठा भाग पेशींचा नसून पेशींनी भोवती विणलेल्या चिवट तंतूंचा असतो. हाताला ती रबरासारखी घट्ट लागते ती त्यामुळे. एकाच गर्भाशयातल्या चार गाठी या बहुतेक वेळा चार वेगवेगळ्या पेशींच्या लेकी असतात आणि त्यांची वाढही आपापल्या मर्जीने चालते. अमेरिकेत 72 स्त्रियांच्या 262 गाठी एमआरआयने वेळोवेळी मोजल्या गेल्या, त्याचे निष्कर्ष 2008 मध्ये आले. सहा महिन्यांत आकारमानातल्या वाढीचा मध्यक 9 टक्के होता, पण एकाच बाईच्या पोटात एक गाठ वाढत होती आणि दुसरी आटत होती. त्याआधी 1990 च्या एका अभ्यासात, काढून टाकलेली 100 गर्भाशयं दोन-दोन मिलिमीटरच्या चकत्या करून तपासली, तेव्हा 77 मध्ये फायब्रॉइड मिळाले. इतक्या सर्रास आढळणाऱ्या गोष्टीला नुसत्या असण्यावरून रोग म्हणायचं, तर निम्म्याहून अधिक बायका रोगी ठरतील.

त्रास कुणाला होतो, हे जागा सांगते. अस्तराखालून पोकळीत डोकावणारी दोन सेंटिमीटरची गाठ पाळीच्या दिवसांत बाईला अक्षरशः भिजवून काढते आणि गर्भ रुजण्यातही आड येते. बाहेरच्या बाजूला लोंबणारी सहा सेंटिमीटरची गाठ, जी आकारमानाने तिच्या 27 पट भरते, ती वर्षानुवर्षं गुपचूप असू शकते. फार मोठी झाली तर मूत्राशयावर दाब येऊन वारंवार लघवीला जावं लागतं. भिंतीच्या मधोमध असलेली गाठ या दोघींच्या मधली. ती भिंत ताणते, पोकळी वाकडी करते, स्नायूच्या आकुंचनात अडथळा आणते. रक्तस्राव वाढतो तो केवळ अस्तराचा पृष्ठभाग वाढल्यामुळे नव्हे. गाठीमुळे जवळच्या शिरा फुगतात आणि तिच्यातून पाझरणारी रसायनं अस्तरात रक्त गोठण्याची क्रिया मंदावतात. एरवी पाळीत 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं. 80 च्या वर गेलं की ते अतिस्राव धरतात. 80 मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण 40 मिलिग्रॅम लोह जातं, आणि अन्नातून शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषून घेतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा शरीराला हा जमाखर्च परवडणारा नाही. म्हणूनच ‘बायकांचं असतंच’ म्हणून अंगावर काढणं हे घाईने पिशवी काढण्याइतकंच चूक आहे.

‘उद्या कॅन्सर झाला तर?’ ही भीती सगळ्यात जास्त चालते, किंबहुना चालवली जाते. फायब्रॉइडचं कर्करोगात रूपांतर होणं अत्यंत दुर्मीळ मानलं जातं. गर्भाशयाच्या स्नायूचा कर्करोग बहुधा स्वतंत्रपणे उद्भवतो. भराभर वाढणारी गाठ तरी संशयास्पद म्हणावी की नाही? लॉस एंजेलिसमध्ये फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया झालेल्या 1,332 स्त्रियांचा आढावा 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत गाठ वेगाने वाढते म्हणून 371 जणींना शस्त्रक्रिया सांगितली होती. कर्करोग निघाला एकीला. पाळी गेल्यानंतर गाठ वाढू लागली किंवा रक्त दिसलं तर मात्र थांबू नये, ती गोष्ट वेगळी.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. मुलं झाली, आता त्या अवयवाचं काम काय? आणि ज्या बाईला दर महिन्याला दवाखाना परवडत नाही, तिने एकदाच काय ते उरकलं तर बिघडलं कुठे? काहींच्या बाबतीत बिघडत नाही. अनेक मोठ्या गाठी, औषधांना न जुमानणारा स्राव आणि समजून-उमजून दिलेला होकार असेल तर गर्भाशय काढणं हा रास्त आणि कायमचा उपाय आहे. पण अंडाशयं राखूनही रजोनिवृत्ती काहीशी लवकर येण्याचा संभव असतो आणि अंडाशयंही तरुणपणी काढली तर हाडांना व हृदयाला झळ पोहोचते. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये राज्य शासनाच्या समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड कामगार महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे सहाजणींमागे एकीचं. देशातलं प्रमाण त्या सुमाराच्या कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 3 टक्क्यांच्या आसपास होतं. सगळ्याच शस्त्रक्रिया फायब्रॉइडच्या नव्हत्या. पोटदुखी, पांढरं जाणं अशाही तक्रारी होत्या. पाळीत सुट्टी घेतली तर खाड्याचे पैसे कापले जातात, फडात न्हाणीघर नाही, डोक्यावर मुकादमाची उचल. अशा ठिकाणी ‘एकदाच उरकणं’ ही निवड कितपत तिची असते? गरिबी हे उपचार जवळ आणण्याचं कारण व्हायला हवं, अवयव काढण्याचं नव्हे.

मधल्या वाटा आहेत. स्राव आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या, हार्मोन सोडणारी तांबीसारखी साधनं, पोकळीतली गाठ योनीमार्गे दुर्बिणीने खरवडून काढणं, फक्त गाठ सोलून गर्भाशय राखणं, गाठीचा रक्तपुरवठा रोहिणीतून बंद करणं. कोणती वाट कुणाला, हेही जागाच ठरवते. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या राज्यांनी अमलात आणाव्यात असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये बजावलं. त्या सगळीकडे अमलात येईपर्यंत, संमतीपत्रावर सही करण्याआधी सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये सबम्युकोसल (अस्तराखालची), इंट्राम्युरल (भिंतीच्या मधली), सबसिरोसल (बाहेरच्या बाजूची) यांपैकी कोणता शब्द लिहिला आहे ते बघा. एकही नसेल तर डॉक्टरांना तेवढं विचारा.