सोरायसिसचा संधिवात आणि जैविक औषधांचा टिकाव

सोरायसिस हा त्वचेचा विकार पुष्कळांस ठाऊक आहे; परंतु त्यापायी सांधेही धरतात, हे थोड्यांसच ठाऊक असते. बोटे सुजतात, टाच दुखते, सकाळी अंग आखडते. आमच्या धाकट्या बंधूंस हा विकार जडला, तेव्हा मूठभर गहू हातावर घेऊन पारखणेही त्यांस कठीण झाले. त्या निमित्ताने डॉक्टरांकडून जे समजले व वाचनात आले, ते व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत.

मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्यांनी गुण न आल्यास जैविक औषधे देण्यात येतात. ही जिवंत पेशींकडून तयार करवून घेतलेली प्रथिने होत. दाह वाढविणाऱ्या टीएनएफ नामक द्रव्यास आवर घालणारे एटानरसेप्ट हे औषध या विकारासाठी अमेरिकेत २००२ साली मान्य झाले. पुढे अडॅलिमुमॅब आले. ही औषधे रोग समूळ घालवीत नाहीत, आवरून धरतात. म्हणूनच ती किती काळ चालतात, हा प्रश्न महत्त्वाचा.

डेन्मार्कमध्ये अशा रुग्णांची देशव्यापी नोंद ठेवितात. तेथील ७६४ रुग्णांचा हिशेब २०११ साली प्रसिद्ध झाला. टीएनएफरोधक औषध प्रथमच घेणाऱ्या शंभरांपैकी ७० जण एक वर्षानंतर, तर ५७ जण दोन वर्षांनंतर त्याच औषधावर होते. ब्रिटनमधील ५६६ रुग्णांच्या २००९ सालच्या हिशेबात हेच प्रमाण पहिल्या वर्षाअखेर ८२, दुसऱ्या वर्षाअखेर ७० व तिसऱ्या वर्षाअखेर ५९ असे आढळले. डेन्मार्कच्या नोंदीत पुरुषांचे आणि जोडीला मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांचे औषध अधिक काळ टिकलेले दिसले.

औषध सुटण्याची कारणे अनेक. कोणास गुणच येत नाही. कोणास येऊन ओसरतो, कारण शरीर त्या औषधाविरुद्धच प्रतिद्रव्ये निर्माण करू लागते. कोणास जंतुसंसर्ग होतो. तथापि एक औषध सुटले म्हणजे उपचार संपले, असे नव्हे. दुसरे टीएनएफरोधक अथवा सेक्युकिनुमॅबसारखे निराळ्या मार्गाने काम करणारे औषध डॉक्टर देऊ शकतात.

आपल्याकडे मात्र आणखी एक कारण आढळते. बंधूंस वर्षभरात चांगला आराम पडला. "बरे वाटते, मग हा खर्च कशाला?" असे म्हणून त्यांनी डॉक्टरांस न विचारता सुई बंद केली, आणि दुकानाचे खाते पाहणाऱ्या आम्हीही त्यास रुकार दिला. सहा महिन्यांत सूज परतली. पुन्हा उपचार सुरू होईतो दोन बोटे कायमची वाकली. त्या वेळी वाचविलेली रक्कम आज आम्हांस नफा वाटत नाही.

२०१४ च्या अखेरीस अडॅलिमुमॅबचे समरूप औषध भारतात निघाले व ते मूळ औषधाहून स्वस्त मिळू लागले. तरीही खर्च झेपत नसेल, तर तसे डॉक्टरांस मोकळेपणे सांगावे; मात्रा व पर्याय त्यांनी ठरवावेत. उपचारापूर्वी क्षयाची तपासणी टाळू नये. आराम पडला तरी औषध आपल्या मनाने थांबवू नये, एवढीच आमची सर्व बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.