लॉगिन तुमचं, मेहनत स्क्रिप्टची!

इन्कम टॅक्स रिटर्नचे दिवस आले की आम्हा फ्रीलान्सर मंडळींचे चेहरे बघण्यासारखे होतात. सीए फोनवर म्हणतो, 'मॅडम, सगळ्या पेमेंट स्लिप्स तेवढ्या पाठवा.' तेवढ्या! मी ज्या एका कंपनीसाठी लिहिते, तिच्या साइटवर प्रत्येक लेखाची स्लिप वेगळी. लॉगिन करा, महिना निवडा, स्लिप उघडा, पीडीएफ सेव्ह करा, बॅक. पुन्हा महिना निवडा... मध्येच चहा टाकायला उठलात, तर साइट तुम्हाला चक्क बाहेर काढते! आणि स्लिप्स किती? ९४.

तुमचं दुखणं वेगळं नसणारच. एचआर पोर्टलवरच्या पगाराच्या स्लिप्स, ऑनलाइन कोर्सच्या नोट्स, फोनची बिलं... सगळं आपलंच, पण कुलपाच्या आत आणि एकेक करून मिळणार.

माझ्या रूममेटनं हे क्लिकपुराण दोन मिनिटं ऐकलं आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. ती हिंजवडीत टेस्टिंग करते. 'अगं, हे माणसाचं काम नाहीये. पण आधी त्यांना विचार, स्क्रिप्टनं काढलं तर चालेल का?' मी अकाउंट्सला मेल टाकला. दोन दिवसांनी उत्तर आलं: चालेल, फक्त रात्री आठनंतर करा. मग बाईसाहेबांनी पायथनमध्ये तीसेक ओळी लिहिल्या. पासवर्ड मात्र माझ्याकडूनच टाइप करून घेतला, तोंड दुसरीकडे फिरवून!

कुकीचा फंडा

पीडीएफची लिंक कॉपी करून थेट प्रोग्रॅमला दिली, तर फाइल का येत नाही? कारण वेब सर्व्हर भयंकर विसराळू असतो. एका क्लिकला ओळखलेला माणूस पुढच्या क्लिकला त्याला आठवत नाही. यावर नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या इंजिनीअरनं १९९४ मध्ये तोडगा काढला: कुकी. वॉटर पार्कमध्ये तिकीट दाखवलं की मनगटाला कागदी पट्टा बांधतात ना, अगदी तसंच. लॉगिन झालं की सर्व्हर एक छोटा मजकूर देतो आणि ब्राउझर तो प्रत्येक क्लिकला दाखवत राहतो.

स्क्रिप्टनं करायचं तेही एवढंच. लॉगिनचं पान उघडायचं. त्यात दडवलेला, दर वेळी बदलणारा टोकन असेल तर तो उचलायचा. युजरनेम, पासवर्ड पाठवायचा, मिळालेली कुकी जपून ठेवायची आणि मग लिंकांच्या यादीतून एकेक फाइल उतरवायची. पायथनच्या 'रिक्वेस्ट्स' लायब्ररीत यासाठी 'सेशन' नावाची सोय आहे. कोडिंगचा कंटाळा असेल तर 'डब्ल्यूगेट' आणि 'कर्ल' ही फुकट मिळणारी टूल्स आहेत. दोघांनाही कुकीची फाइल देता येते. दोन्ही नव्वदच्या दशकातली आहेत आणि अजूनही ठणठणीत!

आता एक गंमत. बऱ्याचदा स्क्रिप्ट 'झालं' म्हणते, फोल्डरही फाइल्सनी भरतो, पण सगळ्यांची साइझ अगदी एकसारखी. उघडून बघावं तर पीडीएफच्या नावाखाली लॉगिनचंच पान! सेशन मध्येच संपलेलं असतं आणि सर्व्हरनं प्रत्येक वेळी नम्रपणे दारच दाखवलेलं असतं. म्हणून रूममेटच्या स्क्रिप्टमध्ये एक चेक होता: फाइलची सुरुवात पीडीएफसारखी नसेल तर तिथेच थांब.

किल्ली कुठे ठेवायची?

पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवणं म्हणजे दाराची किल्ली कुलपालाच लटकवणं. उद्या तीच स्क्रिप्ट एखाद्या मित्राला मेल केली की संपलं! एक तर दर वेळी टाइप करा, नाहीतर फक्त तुम्हालाच वाचता येईल अशा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. नासाच्या अर्थडेटा साइटचंच बघा. उपग्रहांचा डेटा फुकट आहे, पण लॉगिन लागतं. फायली इतक्या, की हातानं उतरवणं अशक्यच. म्हणून नासा स्वतःच स्क्रिप्टनं डाउनलोड कसं करायचं ते शिकवते आणि पासवर्ड 'नेट-आर-सी' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवायला सांगते. कुकीलाही तितकंच जपा, बरं का. ती ज्याच्या हाती, तो सेशन संपेपर्यंत 'तुम्ही'!

स्पीडला ब्रेक हवाच

स्क्रिप्टला दमायला होत नाही, सर्व्हरला होतं. दोन फायलींमध्ये चार-पाच सेकंद थांबायला सांगा. '४२९' हा कोड आला, तर साइट म्हणतेय, 'फार झालं, जरा थांबा.' आणि ओटीपी किंवा कॅप्चा मध्ये आला, तर तिथे माणूसच हवाय असं समजा. पळवाटा शोधू नका.

हे फक्त मॅनर्सपुरतं नाही. आपल्या २००० सालच्या आयटी कायद्याच्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय डेटा डाउनलोड किंवा कॉपी करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यात भरपाई द्यावी लागू शकते. हेच बेइमानीनं किंवा फसवणुकीनं केलं, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

अमेरिकेतल्या एरन श्वार्ट्झची गोष्ट माहिती असेलच. २०१० मध्ये त्यानं एमआयटीच्या (कोथरूडच्या नव्हे, मॅसॅच्युसेट्सच्या!) नेटवर्कवरून 'जेस्टोर' या संशोधन संग्रहातले लेख स्क्रिप्टनं उतरवायला सुरुवात केली. आरोपपत्रानुसार आकडा होता सुमारे ४८ लाख. लेख वाचायचा अधिकार त्या नेटवर्कवरच्या सगळ्यांनाच होता, पण इतक्या प्रमाणात आणि या पद्धतीनं उतरवायचा नव्हता. जेस्टोरनं काही दिवस अख्ख्या एमआयटीचाच अॅक्सेस बंद केला. जानेवारी २०११ मध्ये एरनला अटक झाली. जेस्टोरनं त्याच्याशी तडजोड केली, सरकारी वकिलांनी खटला सोडला नाही. जानेवारी २०१३ मध्ये, खटला उभा राहण्याआधीच, २६ वर्षांच्या एरननं आयुष्य संपवलं. ती शिक्षेची भीती अवाजवी होती, असं म्हणणारे आजही खूप आहेत. पण 'बघता येतं' आणि 'सगळं उचलता येतं' यांतली रेघ किती महागात पडू शकते, हे तेव्हा जगाला कळलं.

सर्व्हरच्या नोंदीत स्क्रिप्टचं नाव नसतं, तुमच्या अकाउंटचं असतं. तेव्हा आधी साइटवर 'डाउनलोड ऑल'चं बटण शोधा, कधीकधी ते कोपऱ्यात असतं. नसेल तर नियम वाचा, एक मेल टाका. परवानगी मिळाली की बिनधास्त स्क्रिप्ट सोडा, आणि तोवर चहा टाका. या वेळी कुणी बाहेर काढलंच, तर स्क्रिप्ट पुन्हा लॉगिन करेल!