मोटारगाडीची पर्यायी इंधने व शक्तिसाधने

पेट्रोल व डीझेल या खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनांऐवजी मोटारगाडी चालविण्यासाठी वापरता येणारी इंधने व शक्तीची इतर साधने यांचा या संज्ञेत समावेश होतो. एथिल अल्कोहॉल (एथेनॉल), संपीडित नैसर्गिक वायू, विद्युत् घटमालेत साठविलेली वीज आणि हायड्रोजन ही यांपैकी प्रमुख होत. भारत आपल्या गरजेच्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो. तेलावर होणारा परकीय चलनाचा खर्च, शहरांतील हवेचे प्रदूषण आणि ज्वलनातून वातावरणात जाणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू या तीन कारणांमुळे पर्यायी इंधनांना महत्त्व आले आहे.

कोणत्याही पर्यायाची पारख करताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात : गाडीत किती ऊर्जा साठविता येते, ती ऊर्जा मुळात कोठून येते आणि ती मिळविण्यासाठी किती पाणी व जमीन खर्ची पडते. पहिल्या दोन गोष्टींची चर्चा सर्वत्र होते. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशाच्या दृष्टीने मात्र तिसरी गोष्ट निर्णायक ठरते.

ऊर्जेची साठवण : धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील वाशी तालुक्यात, सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावर असलेले तेरखेडा हे गाव फटाके तयार करण्याच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. फटाक्याची दारू व मोटारीचे इंधन यांची तुलना केल्यास इंधनाचे मर्म चटकन ध्यानात येते. बंदुकीच्या दारूत कोळसा व गंधक हे जळणारे पदार्थ असतात आणि त्यांना लागणारा ऑक्सिजन पुरविणारा सोराही त्याच मिश्रणात असतो. त्यामुळे हवेचा पुरवठा नसतानाही दारू पेट घेते. परंतु वजनाचा बराच भाग सोऱ्याचा असल्याने एका किलोग्रॅम दारूपासून सुमारे ३ मेगॅजूल एवढीच उष्णता मिळते. पेट्रोल आपला ऑक्सिजन बरोबर बाळगत नाही, ते तो हवेतून घेते. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४·७ किग्रॅ. हवा लागते, पण ही हवा टाकीत भरावी लागत नाही. म्हणून एका किलोग्रॅम पेट्रोलपासून सुमारे ४४ मेगॅजूल उष्णता मिळते. फटाक्याचे काम ऊर्जा क्षणार्धात मोकळी करण्याचे असते, तर मोटारीच्या इंधनाकडून थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा मिळण्याची अपेक्षा असते.

हीच कसोटी इतर पर्यायांना लावता येते. एथिल अल्कोहॉलाच्या रेणूत वजनाने सुमारे ३५% ऑक्सिजन असतो, म्हणजे ते काही अंशी आधीच ऑक्सिडीभूत झालेले असते. त्यामुळे त्यापासून किलोग्रॅमला सुमारे २७ मेगॅजूल उष्णता मिळते. विद्युत् घटात रासायनिक विक्रियेत भाग घेणारे सर्व पदार्थ घटातच बंद असतात. या बाबतीत त्याचे दारूशी साम्य आहे. लिथियम-आयन घटमालेत किलोग्रॅमला साधारण ०·५ ते ०·७ मेगॅजूल ऊर्जा साठते. हायड्रोजन हवेतील ऑक्सिजन घेतो व स्वतः अतिशय हलका असल्याने किलोग्रॅमला सुमारे १२० मेगॅजूल ऊर्जा देतो. मात्र तो वायुरूप असल्याने त्यास फार जागा लागते.

इतिहास : मोटारगाडीच्या आरंभकाळी पेट्रोल हे अनेक पर्यायांपैकी एक होते. १८९९ मध्ये कामीय झेनात्सी यांनी विजेवर चालणारी गाडी ताशी १०० किमी.हून अधिक वेगाने चालविली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डीझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. पुढे खनिज तेल स्वस्त व मुबलक झाल्यावर हे पर्याय मागे पडले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई निर्माण झाली, तेव्हा भारतात अनेक मोटारी व बसगाड्या लोणारी कोळशापासून तयार केलेल्या वायूवर चालविण्यात आल्या. त्यासाठी गाडीच्या मागे छोटी भट्टी जोडलेली असे. १९४८ मध्ये पेट्रोलमध्ये अल्कोहॉल मिसळण्यासंबंधीचा भारतीय शक्ति-अल्कोहॉल अधिनियम संमत झाला. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकल्यावर ब्राझीलने १९७५ मध्ये उसापासून अल्कोहॉल तयार करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. भारतातील अलीकडच्या कार्यक्रमाची सुरुवात २००१ मध्ये प्रायोगिक स्वरूपात झाली व त्यासाठी निवडलेल्या ठिकाणांत महाराष्ट्रातील मिरज व मनमाड ही होती. २००३ मध्ये काही राज्यांत ५% मिश्रण सुरू झाले. जून २०२२ मध्ये हे प्रमाण १०% झाले आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांच्या घरात गेले.

एथिल अल्कोहॉल : साखर तयार करताना स्फटिक वेगळे काढल्यावर उरणारा दाट काळसर द्रव म्हणजे मळी. मळीतील किंवा थेट उसाच्या रसातील शर्करेचे यीस्टच्या साहाय्याने किण्वन केल्यास (आंबविल्यास) अल्कोहॉल तयार होते. ऊर्ध्वपातनाने ते सु. ९५ टक्क्यांपर्यंत शुद्ध होते; इंधनासाठी उरलेले पाणीही काढून टाकावे लागते. पूर्ण साखर काढून घेतल्यानंतरच्या शेवटच्या मळीपासून टनाला साधारण २२५ लि. व मधल्या टप्प्यावरील मळीपासून सुमारे ३०० लि. अल्कोहॉल मिळते. साखर न करता सर्व रस वापरल्यास एक टन उसापासून सुमारे ७० लि. अल्कोहॉल मिळते.

या इंधनाचा ऑक्टेन अंक १०० हून अधिक असल्याने एंजिनाचे संपीडन गुणोत्तर वाढविता येते. त्याचे ज्वलन अधिक पूर्ण होते व कार्बन मोनॉक्साइड कमी निर्माण होतो. दोषही आहेत. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२, तर एक लिटर अल्कोहॉलात सुमारे २१ मेगॅजूल ऊर्जा असते. म्हणून २०% मिश्रणात दर लिटरला सुमारे ७% ऊर्जा कमी मिळते. अल्कोहॉल हवेतील बाष्प शोषून घेते, तसेच जुन्या गाड्यांतील काही रबरी भाग व धातू यांना ते अपायकारक ठरते. त्यामुळे या मिश्रणासाठी एंजिन व इंधनमार्ग यांत योग्य ते बदल करावे लागतात. गाड्यांच्या चाचण्या व प्रमाणन यांचे काम पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही संस्था करते.

अल्कोहॉलाच्या विक्रीमुळे साखर कारखान्यांच्या हाती लवकर पैसा येतो व उसाची देणी भागविण्यास मदत होते. ज्वारी, तूर किंवा सोयाबीन या पिकांच्या तुलनेत उसाला दराची शाश्वती अधिक असल्याने पाण्याची सोय होताच शेतकरी उसाकडे वळतो. धाराशिव जिल्ह्यातही साखर कारखान्यांचे जाळे निर्माण झाले आहे.

संपीडित नैसर्गिक वायू : या वायूत मुख्यत्वे मिथेन असतो. तो सुमारे २०० बार दाबाखाली पोलादी किंवा संमिश्र द्रव्याच्या नळकांड्यांत भरतात. १९७४ मध्ये बाँबे हाय क्षेत्रात खनिज तेलाचा शोध लागला व तेथील वायू उरणमार्गे मुंबईस मिळू लागला. १९९५ मध्ये महानगर गॅस लि. ही कंपनी स्थापन झाल्यानंतर मुंबईतील टॅक्सी, रिक्षा व बसगाड्या मोठ्या प्रमाणावर या वायूवर चालू लागल्या. त्याच्या ज्वलनातून धूर व काजळी फारच थोडी निघते. परंतु तो खनिजच असून भारतास लागणाऱ्या वायूपैकी सुमारे निम्मा आयात होतो. शेण, साखर कारखान्यांतील गाळसाखा (प्रेसमड) व शहरी ओला कचरा यांपासून मिळणारा जैव वायू शुद्ध व संपीडित करून त्याच गाड्यांत वापरता येतो. यासाठी वेगळे पीक घ्यावे लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा होय.

विद्युत् मोटारगाडी : पेट्रोल एंजिनात इंधनातील ऊर्जेपैकी साधारण चतुर्थांश ऊर्जाच चाकांपर्यंत पोहोचते, उरलेली उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विद्युत् चलित्र व त्याची नियंत्रणयंत्रणा घटमालेतील ८० ते ९०% ऊर्जा उपयोगात आणतात, शिवाय गाडी थांबविताना काही ऊर्जा परत घटमालेत भरली जाते. तरीही वजनाचा प्रश्न राहतो. ४० लि. पेट्रोलचे वजन सुमारे ३० किग्रॅ. असते; तेवढेच उपयुक्त कार्य मिळविण्यासाठी ६०० किग्रॅ.हून अधिक वजनाची घटमाला लागेल. म्हणून या गाड्यांत सामान्यतः कमी पल्ल्याची व पर्यायाने हलकी घटमाला बसवितात आणि वाटेत ती भारित करण्याची सोय लागते. जानेवारी २०२० मध्ये विक्रीस आलेली टाटा नेक्सॉन ही विद्युत् गाडी पुण्याजवळील रांजणगाव येथे तयार होऊ लागली. महाराष्ट्र शासनाने २०१८, २०२१ व २०२५ मध्ये विद्युत् वाहनांविषयी धोरणे जाहीर केली.

वीज हे ऊर्जेचे मूळ साधन नसून ती वाहून नेण्याचे माध्यम आहे. महाराष्ट्रातील वीज अद्याप बव्हंशी कोळशापासून निर्माण होते, त्यामुळे गाडीतून धूर निघत नसला, तरी तो वीजकेंद्रात निघतो. कोळशावरील केंद्रास पाणीही लागते. धाराशिवशेजारच्या बीड जिल्ह्यातील परळी औष्णिक वीज केंद्र २०१३ व २०१५ या अवर्षणाच्या वर्षांत पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. सौर व पवन ऊर्जेस हे बंधन जवळजवळ नाही. वाशी, भूम या भागांतील बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. मात्र वारा व सूर्यप्रकाश सदैव सारखे मिळत नसल्याने विजेच्या साठवणीची व्यवस्था आवश्यक ठरते.

हायड्रोजन : इंधन-विद्युत् घटात हायड्रोजन व हवेतील ऑक्सिजन यांचा संयोग होऊन वीज व पाणी निर्माण होते. पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व केपीआयटी ही कंपनी यांनी अशा घटावर चालणाऱ्या मोटारगाडीची चाचणी ऑक्टोबर २०२० मध्ये घेतली. तीत सुमारे १·७५ किग्रॅ. हायड्रोजन ३५० बार दाबाखाली साठविला होता व त्यावर सुमारे २५० किमी. पल्ला अपेक्षित होता. पाण्याच्या विद्युत् विच्छेदनाने एक किलोग्रॅम हायड्रोजन मिळविण्यास ५० किलोवॉट-तासांहून अधिक वीज लागते. विच्छेदन, संपीडन व पुन्हा वीजनिर्मिती या टप्प्यांत मूळ विजेचा मोठा भाग खर्ची पडतो. त्यामुळे छोट्या गाड्यांपेक्षा लांब पल्ल्याच्या अवजड वाहनांस हा पर्याय अधिक सोयीचा दिसतो.

पाणी व जमीन : धाराशिव जिल्ह्यात वर्षाला साधारण ६०० ते ८०० मिमी. पाऊस पडतो, तर उसाच्या पिकास सुमारे २,००० मिमी. पाणी लागते. ही तूट धरणे, विहिरी व कूपनलिका यांतून भरून काढली जाते. निती आयोगाच्या २०२१ मधील अहवालानुसार उसापासून एक लिटर अल्कोहॉल मिळविण्यास सुमारे २,८६० लि. पाणी लागते. यात पावसाच्या पाण्याचाही समावेश असतो. शिवाय शेवटच्या मळीपासून केलेल्या अल्कोहॉलास वेगळे पाणी लागते असे म्हणता येत नाही, कारण ऊस साखरेसाठीच पिकविलेला असतो. थेट रसापासून केलेल्या अल्कोहॉलास मात्र हा आकडा पूर्णतः लागू पडतो. अशा एका लिटरवर गाडी सुमारे १० किमी. चालते असे मानल्यास दर किलोमीटरला २८६ लि. पाणी पडते. याउलट कोळशापासूनच्या विजेस दर किलोवॉट-तासास साधारण ३ ते ३·५ लि. पाणी लागते व तेवढ्या विजेवर गाडी सहा-सात किमी. चालते, म्हणजे दर किलोमीटरला अर्धा लिटर.

जमिनीच्या बाबतीतही असेच अंतर दिसते. हेक्टरी ८० टन उसापासून ५,६०० लि. अल्कोहॉल मिळते व त्यावर वर्षाला ५६,००० किमी. अंतर कापता येते. तेवढ्याच माळरानावर सौर पट्ट बसविल्यास वर्षाला साधारण साडेसात लाख किलोवॉट-तास वीज मिळून ४० ते ५० लाख किमी. अंतर कापता येते.

या आकड्यांचा अर्थ अवर्षणात स्पष्ट होतो. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरविण्यात आले. पन्नास वाघिणींची एक गाडी सुमारे २५ लाख लि. पाणी आणीत असे. वरील प्रमाणाने तेवढ्या पाण्यातून ९०० लि.हून कमी अल्कोहॉल मिळेल. २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्यावर केंद्र शासनाला डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून अल्कोहॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले. ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठविण्यात आले. त्यानंतर मक्यासारख्या धान्याचा वापर वाढला, पण त्यात अन्न व पशुखाद्य यांच्याशी स्पर्धा येते.

कमी पाण्याचे मार्गही उपलब्ध आहेत. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने ताटात साखर साठविणाऱ्या गोड ज्वारीपासून अल्कोहॉल मिळविण्याचे दीर्घकाळ संशोधन केले असून ‘मधुरा’ हा वाण विकसित केला आहे. या पिकात कणीस माणसाला, पाला जनावराला व ताटाचा रस इंधनाला उपयोगी पडतो. भाताचा पेंढा, उसाचे चिपाड यांतील सेल्युलोजापासून अल्कोहॉल करण्याचे तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने विकसित केले व त्यावर आधारित पानिपत येथील कारखाना २०२२ मध्ये राष्ट्रास अर्पण करण्यात आला.

तौलनिक विचार : एकच इंधन सर्व ठिकाणी पेट्रोलची जागा घेईल, असे दिसत नाही. अल्कोहॉल सध्याच्या एंजिनांत व सध्याच्या पंपांवरून वापरता येते, म्हणून संक्रमणकाळात ते उपयुक्त आहे. परंतु ते मळी, शेतातील अवशेष व कोरडवाहू पिके यांपासून केलेले असावे. शहरांतील व मध्यम अंतरावरील प्रवासास वीज सरस ठरते आणि ती सूर्य व वारा यांपासून मिळविल्यास तिचे गुण अधिकच वाढतात. मात्र माळरानावर सौर पट्ट व पवनचक्क्या उभारताना जमिनीच्या मालकास योग्य मोबदला व उत्पन्नाची शाश्वती मिळाली पाहिजे. अन्यथा उसाखेरीज दुसरे आधाराचे पीक नसलेल्या शेतकऱ्याला पाणी वाचविण्याचा उपदेश निरर्थक ठरतो. ज्या प्रदेशात पिण्याचे पाणी उन्हाळ्यात टँकरने आणावे लागते, तेथे इंधनाची किंमत रुपयांबरोबरच पाण्याच्या लिटरांतही मोजणे आवश्यक आहे.