सोळाशेच्या पुढचे पाणी

रेवसहून तरीत बसून धरमतर खाडीचे तोंड ओलांडले की करंजा येते. मासळीच्या पाट्या, दुचाकी, कॉलेजची पोरे असा सगळा लवाजमा धक्क्यावर उतरतो आणि द्रोणागिरीच्या डोंगराला बगल देत उरणच्या रस्त्याला लागतो. याच करंजात आयएनएस अभिमन्यू हा नौदलाचा तळ आहे. मार्कोस, म्हणजे नौदलाचे मरीन कमांडो, त्यांचे हे घर. गावाला तळ ठाऊक आहे; आत काय चालते ते ठाऊक नाही आणि कुणी फारसे विचारतही नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी शस्त्रधारी माणसे पाहिल्याचे सांगितले, तेव्हा सारा किनारा पिंजून काढला गेला. हाती काहीच लागले नाही. अभिमन्यूचे नाव मात्र त्या गडबडीत घरोघरी पोचले.

हे दल तसे तरुण आहे. १९८७ च्या फेब्रुवारीत ते उभे राहिले. त्याआधी निवडक अधिकारी अमेरिकेच्या नेव्ही सील्सकडे प्रशिक्षण घेऊन आले होते. त्याच वर्षी श्रीलंकेत आणि पुढच्या वर्षी मालदीवमध्ये ते कामाला लागले; १९९० च्या दशकात काश्मीरच्या वुलर सरोवरावर त्यांची नेमणूक झाली. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, दिल्लीहून एनएसजीचे कमांडो येण्याआधी ताज हॉटेलमध्ये शिरले ते हेच. मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांच्या ताब्यातले ‘रुएन’ हे जहाज सोडवायला त्यांना होड्यांसकट विमानातून भर समुद्रात उतरवले गेले. चाळीस तासांच्या मोहिमेनंतर ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुटले. अशा बातम्या आल्या की रायगडच्या किनाऱ्यावर पहाटे धावणारी पोरे वाढतात. अलिबाग, नागाव, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, कुठेही उजाडायच्या आत जा, ती दिसतात.

यातल्या पुष्कळांना पहिलीच गोष्ट माहीत नसते: मार्कोसमध्ये थेट भरती होत नाही. आधी नौदलात जायचे आणि मग स्वेच्छेने नाव द्यायचे. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आल्यापासून नाविकांची भरती अग्निवीर म्हणून होते, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नौदलाने मार्कोसचा मार्ग स्त्रियांनाही खुला केला. तेव्हा पहिले दार अग्निवीराचे. त्याची शारीरिक चाचणी मुलांसाठी अशी: १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत, मग बैठका, जोर, सिटअप्स. भरतीच्या पोरांच्या भाषेत ‘सोळाशे मारायचे’. चारशे मीटरची एकेक फेरी सरासरी ९७.५ सेकंदांत पडली पाहिजे. रोज धावणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराला हे फार अवघड नाही. त्याहून अधिक पोरे अडतात ती लेखी परीक्षेत. शिवाय एसएसआर (सीनिअर सेकंडरी रिक्रूट) गटाला बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र लागते, हे कित्येकांना कला शाखेत दोन वर्षे घालवल्यावर कळते.

धावायला आपला किनारा उत्तम, फक्त पंचांग बघून धावावे लागते. ओहोटीला उघडी पडलेली ओली, काळपट वाळू सडकेसारखी घट्ट असते. वरची कोरडी वाळू वेगळी. तिच्यात पाय रुततो आणि तेवढ्याच वेगाला सुमारे दीडपटीहून अधिक शक्ती खर्ची पडते. आठवड्यातून एखाद दिवस ती चांगली, पण रोज तिच्यातच पळणारा पोटऱ्या आणि घोटे दुखवून घेतो. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून कोळ्यांना तिथीवरून जे कळते ते या पोरांनाही शिकावे लागते.

दुखापतीचा मामला किरकोळ समजू नये. सरावाने दम लवकर वाढतो. हाडे आणि स्नायुबंध मात्र सावकाश तयार होतात. महिनाभरात दम आला म्हणून पोरगा अंतर दुप्पट करतो आणि नडगीला बारीक तडा जाऊन दोन महिने घरी बसतो. पाठीवर विटा भरलेली सॅक घेऊन डांबरी रस्त्यावर धावणारेही दिसतात. व्हिडिओत बघितलेले असते. मला विचाराल तर भरतीआधी ही सॅक घरीच ठेवावी. ओझे घेऊन चालावे, चढावर चालावे. धावण्याची घाई कशाला?

मार्कोसच्या निवडीचे सगळे निकष जाहीर नाहीत. सील्सचे किमान निकष मात्र छापलेले आहेत, आणि ते वाचताना एक गंमत लक्षात येते. त्यांत अडीच किलोमीटरला थोडी कमी, म्हणजे दीड मैलाची धाव साडेदहा मिनिटांत मागितली आहे. किलोमीटरमागे वेग काढला तर तो आपल्या अग्निवीराच्या सोळाशेपेक्षा कमीच भरतो! पण ही धाव सगळ्यांत शेवटी येते. त्याआधी सुमारे ४५७ मीटर पोहणे साडेबारा मिनिटांत, मग जोर, सिटअप्स, दहा बीम (पुल-अप्स). दमलेल्या शरीराने पुढचे काम किती नीट होते, ते तिथे मोजतात. हे काम सहासहा महिने फक्त सोळाशे मारून जमत नाही.

आणि मुळात पाणी. करंजा-मोऱ्यापासून श्रीवर्धनपर्यंत कोळ्या-आगऱ्यांची पोरे चालायच्या पाठोपाठ पोहायला शिकतात. अग्निवीराच्या मैदानी चाचणीत मात्र पोहणे नाही. येत असेल तर बरे, एवढाच त्याला भाव. त्यामुळे किनाऱ्यावरच्या भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या अकादम्याही पोरांना पाण्यात उतरवत नाहीत. मला हे पटत नाही. जे आपल्याकडे फुकट आहे तेच आपण सोडून देतो. अर्थात गावातले पोहणे आणि कमांडोचे पोहणे यांत फरक आहे. आपली पोरे डोके वर काढून, पाणी उडवत, दणादण हात मारतात. कमांडोला लांबवर, आवाज न करता, शक्ती राखून जायचे असते. त्यासाठी कुशीवर पोहण्याची पद्धत वापरतात. त्यात शरीर पाण्याबाहेर कमी दिसते आणि दमही कमी लागतो. ती शांत पाण्यात, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली शिकावी.

चिखलाचेही तसेच. मार्कोसच्या निवडीची जी वर्णने प्रसिद्ध झाली आहेत, त्यांत पहिल्या तीन दिवसांतच निम्म्याहून अधिक उमेदवार गळतात असे येते. पुढचे आठवडे जवळजवळ झोपेवाचून जातात आणि मांडीभर चिखलातून आठशे मीटर सरपटण्याचा ‘डेथ क्रॉल’ असतो. उरणच्या खाड्यांत निवट्या आणि खुबे काढणाऱ्या बायका असा चिखल वर्षानुवर्षे तुडवतात, तेही डोक्यावर ऊन घेऊन. पाय सरळ न उपसता टाच वळवून हलकेच सोडवायचा, अंग पुढे झुकवायचे, ही त्यांची युक्ती कोणत्याही अकादमीत शिकवत नाहीत. एखाद्या मावशीबरोबर एक ओहोटी काढली तरी पोरांना बरेच कळेल.

शरीर किती ओढले जाऊ शकते याचे एक उदाहरण ताजचेच. प्रवीण तेवतिया या मार्कोस जवानाला तिथे चार गोळ्या लागल्या, फुप्फुस जखमी झाले. त्यांना शौर्यचक्र मिळाले. पण हळूहळू धावणे वाढवत २०१७ मध्ये त्यांनी लडाखमधली ७२ किलोमीटरची खारदुंग ला शर्यत पुरी केली, ते मला जास्त मोलाचे वाटते. तिथवर जायला त्यांना नऊ वर्षे लागली. आमच्या पोरांना तीन महिन्यांत कमांडो करून देणारा वर्ग हवा असतो.

शेवटी एक गोष्ट पालकांसाठी आणि अकादमी चालवणाऱ्यांसाठी. श्वास रोखून पाण्याखाली किती वेळ राहता येते याच्या पैजा पोरे लावतात. आधी भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि श्वास घ्यावासाच वाटत नाही. प्राणवायू मात्र संपत असतो. माणूस कसलीही धडपड न करता बेशुद्ध होतो, आणि काठावरच्याला तो मजेत पाण्याखाली आहे असेच वाटते. चांगले पोहणारेच यात जातात. हा सराव एकट्याने करू देऊ नका, विहिरीत किंवा खाडीत तर मुळीच नको, आणि प्रशिक्षित जीवरक्षक जवळ नसेल तर कमांडो व्हायचे असले तरी नको.