पाण्याविना जलमग्न चित्र

लोणार सरोवराच्या खारट, अल्कधर्मी पाण्यात अथवा नळगंगा धरणाच्या जलाशयात केवळ छायाचित्रासाठी उतरणे हे जिवावरचे धाडस होय. आणि त्याची मुळीच आवश्यकता नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१९ साली ‘कालिया मर्दन’ या मूकपटात आपली कन्या मंदाकिनी हिला बालकृष्णाच्या भूमिकेत डोहाच्या तळाशी कालियाशी झुंजताना दाखविले होते. आज बुलढाणा जिल्ह्यातील लहानशा स्टुडिओतही संगणकाच्या साहाय्याने असे चित्र सिद्ध करता येते.

त्यासाठी व्यक्तीस एकरंगी चादरीवर निजवून शिडीवरून छायाचित्र घ्यावे. केस व पदर पसरून ठेवले की ते तरंगत असल्याचा भास होतो. प्रकाश डोक्याच्या बाजूने यावा, कारण पाण्यात उजेड वरूनच उतरतो. मग चादरीचा भाग वगळून मागे पाण्याचे चित्र जोडतात.

खरी कसोटी रंगांची. पाणी तांबडा रंग सर्वांआधी शोषून घेते. म्हणून त्वचेची व वस्त्रांची लाली उतरवून निळसर-हिरवी झाक द्यावी लागते. एवढे राहिले तर माणूस पाण्यात नव्हे, रंगविलेल्या पडद्यापुढे उभा वाटतो. बुडबुडे नाकातोंडापासून वर जाणारे व मोजकेच असावेत. हौशी मंडळी ते चित्रभर उधळतात.