बीटची कड: ज्ञानगंगेतल्या वनरक्षकाचे काम

वनखात्याच्या रचनेत जंगलाची सर्वांत लहान वाटणी म्हणजे नियतक्षेत्र. हा कागदावरचा शब्द. बोलताना सगळेच ‘बीट’ म्हणतात. एका बीटला एक वनरक्षक, काही बीट मिळून वनपालाचे परिमंडळ, आणि अशी काही परिमंडळे मिळून वनपरिक्षेत्र, ज्याचा प्रमुख वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजे आरएफओ. जंगलात काय घडले याची पहिली बातमी साहजिकच वनरक्षकाकडे येते आणि पहिली नोंदही त्याच्याच हातची असते. अलीकडे पुष्कळ बीटवर ती नोंद करणारा हात महिलेचा असतो.

बुलढाणा जिल्ह्यात हे काम समजून घ्यायला ज्ञानगंगा अभयारण्यासारखी दुसरी जागा नाही. १९९७ साली घोषित झालेले सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य बुलढाणा, चिखली, मोताळा आणि खामगाव या चार तालुक्यांत पसरले आहे आणि अकोला वन्यजीव विभागाच्या अखत्यारीत येते. जिल्ह्यातला माणूस गावाचा पत्ता सांगताना ते घाटावरचे की घाटाखालचे हे आधी सांगतो. अभयारण्य नेमके त्या उतारावर, अजिंठ्याच्या डोंगररांगेत आहे. ज्ञानगंगा नदी इथून खाली पूर्णेकडे जाते आणि तिचे पाणी तापीला मिळते. बुलढाण्याजवळच उगवणारी पैनगंगा मात्र उलट वाट धरून गोदावरीच्या खोऱ्यात उतरते. साग, सालई, धावडा, पळस, तेंदू असे हे पानगळीचे रान. बुलढाण्याहून खामगावला जाणारी वाहने बोथ्याच्या घाटात याच रानातून जातात, आणि रान संपले की लगेच कपाशी, तूर, सोयाबीन सुरू.

वनरक्षकाच्या कामावर संगणकीय खेळही निघाले आहेत. २०१६ मध्ये आलेल्या ‘फायरवॉच’मध्ये खेळणारा अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या जंगलात उंच मनोऱ्यावर बसून वणव्यावर नजर ठेवतो. गस्त घालणे, आग शोधणे, पायवाटा नीट राखणे, जखमी जनावर सोडवणे ही अशा खेळांतली कामे बरीचशी खरी आहेत. मात्र खेळातला नकाशा कडेला पोहोचला की संपतो. ज्ञानगंगेत वनरक्षकाचे सर्वांत अवघड काम त्याच कडेवर असते, कारण तिथे जंगलाचे शेवटचे झाड आणि शेताचा पहिला धुरा एकमेकांना लागून आहेत.

दिवसाची सुरुवात पायी गस्तीने होते. गाडीरस्त्याची मऊ धूळ, ओढ्यातली वाळू, पाणवठ्याकाठचा चिखल या जागा आधी पाहायच्या, कारण ठसे तिथेच उमटतात. वाघ आणि बिबट्याच्या ठशात चार बोटे आणि मागे तीन भागांची गादी दिसते. नखे चालताना आत ओढलेली असल्याने ती उमटत नाहीत. तरस, कोल्हा आणि कुत्रा यांच्या ठशात नखांचे टोक स्पष्ट येते. अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा असतो, फक्त पुढे लांब नखांच्या रेघा असतात. ठशाच्या कडा धारदार असतील तर जनावर नुकतेच गेले; कडा ढासळल्या असतील किंवा ठशावरून मुंग्या-किड्यांची वाट गेली असेल तर तो जुना. हे पुस्तकात वाचून थोडेच येते. एकाच वाटेने रोज चाललेल्या माणसाला कालचा आणि आजचा फरक कळतो, आणि त्यासाठीच गस्त पायी घालायची असते.

पूर्वी याच ठशांचे साचे घेऊन देशभर वाघ मोजले जात. ठशावरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो हे गृहीतक फार कच्चे होते. राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे २००५ साली उघड झाले आणि ती पद्धत मागे पडली. आता वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगवेगळे असतात आणि ओळख पटवायला दोन्ही बाजू लागतात. बिबट्या त्याच्या ठिपक्यांच्या मांडणीवरून ओळखतात. कॅमेरा कुठे लावायचा हे मात्र अजूनही ठसेच सांगतात.

फेब्रुवारीपासून कामाचे स्वरूप बदलते. पानगळ झालेली असते, गवत वाळलेले असते आणि एक ठिणगी पुरते. वणवा अडवण्यासाठी त्याआधीच जाळरेषा तयार करतात, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा गवत कापून आणि जाळून मोकळा करतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीचा इशारा मोबाइलवर पाठवते. संदेश आला की वनरक्षक आणि हंगामी फायर वॉचर पायी निघतात. ओल्या फांद्यांनी झोडपत किंवा पाला उडवणाऱ्या यंत्राने पट्टा साफ करत आग विझवतात. बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. मोहफुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, आणि ती आग तिथेच थांबत नाही. म्हणून उन्हाळ्यातली निम्मी लढाई गावात बसून, लोकांशी बोलून लढावी लागते. त्याच दिवसांत कोरडे पाणवठे भरण्याचे काम असते. पाणवठा आटला की रोही (नीलगाई) आणि रानडुकरे खाली गावच्या विहिरीकडे वळतात, आणि त्यांच्यामागे बिबट्या.

या भागात माणसाला खरी भीती अस्वलाची. बिबट्या माणूस दिसताच सहसा बाजूला होतो. अस्वलाची नजर अधू असते आणि खाण्यात ते गुंग असते, त्यामुळे माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. मग दचकून ते चेहऱ्यावर आणि डोक्यावर झेप घेते. मोह, बोर आणि तेंदू माणसालाही हवे आणि अस्वलालाही, तेही एकाच मोसमात आणि पहाटेच्या एकाच वेळी. एकट्याने जाऊ नका, बोलत-आवाज करत चला, उजाडल्याशिवाय झाडाखाली जाऊ नका, हे वनरक्षक दरवर्षी गावोगाव सांगतात. घरचा खर्च मोहावर चालणाऱ्याला केवळ ‘जाऊ नका’ म्हणून भागत नाही, हे त्यांना चांगले ठाऊक असते.

शेताच्या धुऱ्यावरचा प्रश्न त्याहून कठीण आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत मक्याचे उभे पीक आडवे करतो, रोही हरभऱ्याचे घाटे खुडून खातात. काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडली जाते. त्या तारेला डुक्कर चिकटते तसा बिबट्याही चिकटतो, आणि रात्री पाणी द्यायला गेलेला शेतकरीही. रात्रीच्या गस्तीत धुऱ्याच्या तारा तपासणे हे म्हणून महत्त्वाचे काम आहे. गाय किंवा बकरी मारली गेली तर पंचनामा करावा लागतो. मानेवरचे सुळ्यांचे घाव, त्यांच्यातले अंतर, शिकार ओढत नेल्याच्या खुणा, कुठून खायला सुरुवात झाली, हे सगळे पाहून जनावर कोणते ते ठरते आणि त्यावर शासनाची भरपाई अवलंबून असते. पंचनाम्याला उशीर झाला तर कोल्हे-कुत्री खुणा मिटवतात. भरपाई वेळेत मिळाली नाही तर मेलेल्या गाईवर विष टाकण्याचा विचार कुणाच्या तरी मनात येतो, आणि पुढच्या वेळी वनरक्षकाला कुणी बोलावतही नाही.

२०१९ मध्ये या साऱ्या व्यवस्थेची कसोटी लागली. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात टी१ वाघिणीच्या पोटी जन्मलेल्या तरुण नराला, टी१सी१ला, भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी फेब्रुवारीत रेडिओ कॉलर लावली होती. पावसाळ्याच्या तोंडावर तो स्वतःची हद्द शोधायला निघाला. तेलंगणातला आदिलाबाद, मग हिंगोली, वाशीम असे जिल्हे ओलांडत सुमारे १,३०० किलोमीटर चालून डिसेंबरच्या सुरुवातीला तो ज्ञानगंगेत पोहोचला. सरळ रेषेत हे अंतर अडीचशे किलोमीटरही भरत नाही. तो बहुतेक रात्री चालला, ओढे-नद्यांच्या काठाने आणि उंच वाढलेल्या कपाशीतून; खायला रानडुकरे आणि गुरे होती. एवढ्या वाटेत तो दडला होता त्या झुडपात शिरलेला एक माणूस जखमी झाला, याखेरीज मोठा प्रसंग घडला नाही. नऊ महिन्यांत त्याची चाल ३,००० किलोमीटरच्या वर गेली आणि त्याला ‘वॉकर’ हे नाव पडले.

कॉलर वाघ कुठे आहे एवढे सांगते. तिथल्या शेतमजुरांना थांबवणे, बघ्यांची गर्दी हटवणे, मेलेल्या बैलाचा त्याच दिवशी पंचनामा करणे ही कामे प्रत्येक बीटच्या माणसांनाच करावी लागली, आणि त्यातले बरेच बीट असे होते की तिथे कुणी कधी वाघ पाहिला नव्हता.

एप्रिल २०२० मध्ये, बॅटरी बरीच संपल्यावर, त्याची कॉलर काढली गेली. ज्ञानगंगेत बिबटे होते, रोही, चितळ आणि रानडुकरे होती, पण दुसरा वाघ नव्हता आणि वाघीणही नव्हती. त्याच्यासाठी इथे वाघीण आणावी का, यावर वनखात्यात आणि अभ्यासकांत विचार झाला. एक बाजू म्हणत होती की एकट्या नराला इथे भवितव्य नाही. दुसरी बाजू म्हणत होती की २०५ चौरस किलोमीटरच्या, शेतांनी वेढलेल्या जंगलात वाघीण आणि तिचे बछडे आले, तर मोठे झालेले बछडे जाणार कुठे? उत्तरेला सातपुड्यातले अंबाबरवा आणि त्यापलीकडचे मेळघाट फार दूर नाहीत, पण मधे पूर्णेचे खोरे आहे, लोकवस्ती आहे, महामार्ग आणि रेल्वे आहे. वाघीण आणायची की नाही हे ठरवताना इथे भक्ष्य किती, पाणी कुठे टिकते, कोणत्या गावात गुरे मारली गेली आणि लोक त्यावर काय बोलले हे आधी बघावे लागते, आणि ही माहिती वनरक्षकांच्या नोंदींतून गोळा होते.