धावत्या चहाचं तापमान
(लेखांक नववा)

वर्तकनगर नाक्यावर थर्मासमध्ये भरून घेतलेला चहा ठाणे स्टेशनात लोकलमध्ये चढला आणि गाडी सुटली. फलाटावर उभ्या माणसाच्या हिशेबाने थर्मास किंचित आखूड झाला, आतलं घड्याळ किंचित मंदावलं, हे मागच्या आठवड्यात आपण पाहिलं. मग त्याच्या हिशेबाने चहाचं काय झालं? तो गार झाला, गरम झाला, की होता तसाच राहिला?

या साध्या प्रश्नावर मोठमोठ्या लोकांचं एकमत झालं नाही. प्लांक आणि आइन्स्टाइन यांचं १९०७ च्या सुमाराचं उत्तर होतं, गार. १९६३ मध्ये हाइनरिश ऑट यांचा नेमका उलटा निष्कर्ष छापून आला, गरम. १९६६ मध्ये पीटर लँड्सबर्ग म्हणाले, तसाच. ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या लोकलमध्ये हा फरक एका अंशाच्या लाख कोटीव्या भागाहूनही लहान आहे, तेव्हा भांडण आकड्याचं नव्हतं.

दाबाबद्दल वाद नाही. तो सगळ्यांना सारखाच दिसतो. एन्ट्रॉपीचंही तेच. रेणूंची मांडणी किती तऱ्हांनी होऊ शकते याची ती मोजदाद, आणि गाडी धावली म्हणून मोजदाद बदलत नाही. अडतं ते उष्णतेपाशी. धावत्या वस्तूला उष्णता दिली की तिचं वस्तुमान वाढतं, म्हणून वेग तोच राहिला तरी संवेग वाढतो. या वाढीसाठी लागलेली ऊर्जा 'उष्णता' या खात्यात लिहायची की 'कार्य' या खात्यात? खातं बदला, तापमानाचं सूत्र बदलतं.

मला स्वतःला वाटतं, तापमापक चहात बुडवलेला असला तरच तापमान या शब्दाला नीट अर्थ आहे. लांबून मोजायचं तर येणाऱ्या प्रारणावरूनच मोजावं लागतं, आणि तिथे दिशा आडवी येते. विश्वात सर्वत्र भरलेलं पार्श्वप्रारण २.७२५ केल्विनचं आहे. सूर्य त्यातून सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने चालला आहे. त्यामुळे सिंह राशीच्या बाजूचं आकाश ०.००३४ अंशाने गरम दिसतं, पाठीमागचं तेवढंच गार. यातलं 'खरं' कोणतं म्हणायचं? दिशेचा उल्लेख टाळणारं एकच सार्वत्रिक सूत्र असू शकत नाही, असं १९९६ मध्ये लँड्सबर्ग यांनीच जॉर्ज मात्सास यांच्यासोबत दाखवलं.

गुरुत्वाकर्षण आलं की गोष्ट आणखी रंगते. पोखरण रोडवरच्या साठ मीटर उंच टॉवरची तळटाकी आणि गच्चीवरची टाकी घ्या. दोन्ही बाहेरच्या हवेपासून तोडल्या, फक्त एकमेकींशी जोडल्या आणि समतोल येऊ दिला, तर दोघींचं तापमान सारखं होईल असं आपण म्हणू. होत नाही. वर चढणारा प्रकाश ऊर्जा गमावतो, खाली येणारा कमावतो. म्हणून समतोलातही तळ किंचित गरम राहतो. अंशाचे लाख कोटी भाग केले तर त्यातले साधारण दोन. रिचर्ड टॉलमन यांनी हे १९३० मध्ये सांगितलं. उष्णतेलाही वजन असतं, एवढाच त्याचा अर्थ.

हाच धागा पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत थानू पद्मनाभन यांनी फार पुढे नेला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते जयंत नारळीकरांचे विद्यार्थी होते. १९९२ पासून २०२१ मधल्या निधनापर्यंत आयुकात राहिले. १९७६ मध्ये विल्यम अनरूह यांनी दाखवलं होतं, की सतत वेग वाढवत जाणाऱ्या तापमापकाला रिकामी पोकळीही उबदार लागते. पद्मनाभन यांनी त्यावर बोल्ट्झमनचा जुना तर्क लावला. पाणी तापतं, कारण उष्णता साठवायला त्यात रेणू असतात. मग अवकाशालाही तापमान असेल, तर त्याचेही कसले तरी रेणू असले पाहिजेत. ते कोणी पाहिलेले नाहीत. पण २००२ मध्ये त्यांनी कृष्णविवरासारख्या क्षितिजापाशी आइन्स्टाइनची समीकरणं मांडून पाहिली, तेव्हा त्यांतून ऊर्जा, दाब आणि एन्ट्रॉपी यांचा तोच ताळेबंद निघाला, जो उकळत्या किटलीतल्या वाफेला लागू पडतो.